फुलकोबीच्या रोपासोबत वाणाचं नावही द्या

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीतला परसबागेचा मजकूर आमच्या बचत गटात आवडीने वाचला जातो. कोणी कात्रण काढून ठेवतं, कोणी मोबाइलवर फोटो काढून गटावर टाकतं. अलीकडे त्यात फुलकोबीवर चार ओळी आल्या होत्या. हिवाळी भाजी आहे, ऑक्टोबर-नोव्हेंबरात रोपं लावा, शेणखत घाला, पाणी नियमित द्या. यातलं खोटं काही नाही. पण जी गोष्ट कळल्याशिवाय फुलकोबी लावूच नये, तीच त्यात राहून गेली, आणि बाजारात रोपं विकणारेही ती सांगत नाहीत. हाती घेतलेला वाण कोणत्या हंगामाचा, ही ती गोष्ट.

वांगं, टमाटर, मिरची यांचं रोप थोडं मागेपुढे लावलं तरी कमी-जास्त काहीतरी हाती लागतं. फुलकोबीचं तसं नाही. आपण जो गड्डा खातो तो तिचं फळ नाही आणि उमललेलं फूलही नाही. फुलं येण्याआधी शेंड्याची जी गच्च वाढ होते, तो गड्डा. ही वाढ कधी सुरू व्हायची ते थंडी ठरवते, आणि किती थंडी लागायची ते वाण ठरवतो. हळव्या, म्हणजे लवकर येणाऱ्या वाणांना २० ते २७ अंश तापमानातही गड्डा धरता येतो. निमगरव्यांना, म्हणजे मधल्या हंगामाच्या वाणांना, साधारण १२ ते २० अंश लागतात. गरवे, म्हणजे उशिरा येणारे स्नोबॉलच्या जातीचे वाण, १० ते १६ अंशांत खुलतात.

आता हळवं रोप उशिरा, थंडीच्या तोंडावर लावलं तर काय होतं ते पाहा. रोप जेमतेम रुजलेलं असतं, अंगावर चार-सहा पानं असतात, आणि गड्डा धरण्यापुरती थंडी त्याला लगेच मिळते. पानं वाढायच्या आधीच मधोमध लिंबाएवढं फूल धरतं आणि तिथेच थांबतं. मग युरिया टाका, शेणाची स्लरी घाला, ते मोठं होत नाही, कारण गड्डा पोसायला पानंच नसतात. गरवं रोप पावसाळ्यातच लावलं तर उलटा प्रकार. झाड गुडघ्याएवढं, पानं रुंद, हिरवीगार, आणि मधे काहीच नाही. घरची माणसं रोज वाकून पाहतात. शेवटी कंटाळून कोणीतरी ते उपटून बकरीला घालतं. वेळेवर गड्डा धरला आणि नंतर ऊन तापलं, तर तो सैल पडतो, वर रवाळ होतो, कधी त्याच्यातून बारीक हिरवी पानं डोकावतात. हे तिन्ही प्रकार आमच्या गावात दरवर्षी कुठल्या ना कुठल्या सांदवाडीत, म्हणजे परसबागेत, दिसतात, आणि दरवेळी बाई म्हणते, ‘माझ्या हाताला फुलकोबी येतच नाही.’ हात चांगलेच असतात हो. त्याच बाईच्या वाफ्यात पालक, मेथी, सांबार (कोथिंबीर) पाहून डोळे निवतात.

मागल्या दिवाळीनंतर आमच्या गटातल्या बायकांनी आठवडी बाजारातून फुलकोबीची रोपं आणली. रोपं तजेलदार होती, मुळाशी मातीचा गोळा धरलेला होता. मी विक्रेत्याला विचारलं, “वाण कोणता आहे भाऊ?” तो म्हणाला, “गोबीच आहे न बाई, कोणतीबी लावा, थंडीत येतेच.” त्याचा काही कावा असेल असं मी म्हणत नाही. त्यानेही ती कुठून तरी ट्रेच्या ट्रे उचललेली, आणि त्याला देणाऱ्यानेही नाव सांगितलेलं नाही. पण त्या रोपांना डिसेंबर उजाडायच्या आतच फुलं धरली, तीही लिंबाएवढी. ज्या घरी स्वतःच्या पुडक्यातलं निमगरवं बी ऑगस्टात टाकलं होतं, तिथे त्याच दिवसांत दोन्ही हातांनी धरावे असे पांढरेशुभ्र गड्डे निघत होते. माती तीच, विहिरीचं पाणी तेच, शेणखतही एकाच गोठ्यातलं.

ही भाजी मुळात आपल्या हवेची नाही. १८२२ साली इंग्लंडहून तिचं बी सहारनपूरच्या कंपनी बागेत आलं असं नोंदलेलं आहे. पुढे उत्तरेच्या मैदानातल्या बागवानांनी पिढ्यान् पिढ्या जी झाडं उकाड्यात आणि पावसात तगली, त्यांचंच बी राखलं, आणि त्यातून उष्ण हवेत गड्डा धरणारी देशी फुलकोबी घडली. पुसा कातकी, पुसा दीपाली, अर्ली कुंवारी हे हळवे वाण त्याच वंशातले. ही आपल्या माणसांची मोठी कमाई आहे आणि तिचा मला फार अभिमान वाटतो. स्नोबॉलचा गोत वेगळा. पुसा स्नोबॉल के-१ हा वाण कुलू खोऱ्यातल्या कटराईनच्या संशोधन केंद्रात तयार झाला. या जातीचं बी धरायलाही लांब, कडक थंडी लागते, म्हणून ते हिमाचलच्या डोंगरांत पिकवतात. कृषी केंद्रात मात्र ही दोन्ही पुडकी एकाच फळीवर शेजारी-शेजारी असतात आणि दोघांवरही सारखंच पांढरं फूल छापलेलं असतं.

पुडक्यावर निदान नाव तरी असतं. बियाण्याचा १९६६ चा कायदा आहे, त्यामुळे वाण, उगवणशक्ती, चाचणीची तारीख लेबलवर येते. बाजारातल्या रोपाच्या जुडीला मात्र काहीच नसतं. आणि परसबागेवाल्या बाईला रोपच घ्यावं लागतं, कारण पुडकं तिच्या कामाचं नाही. फुलकोबीच्या एका ग्रॅममध्ये साधारण तीनशे बिया असतात. दहा ग्रॅमचं पुडकं घेतलं तर तीन हजार रोपं. दहा फूट लांब आणि चार फूट रुंद वाफ्यात, दीड-दीड फुटावर, मावतात अठरा. संकरित वाणाच्या पुडक्याची किंमत पाहून तर ती हात मागे घेते. म्हणून आमच्या गटाने एक पुडकं आणून वाटून घेण्याची पद्धत पाडली. चहाच्या चमच्याच्या टोकावर मावेल एवढं बी प्रत्येकीला, आणि कागदाच्या पुडीवर पेनाने वाणाचं नाव. उरलेलं बी कोरड्या बाटलीत, झाकण घट्ट लावून. ज्या गावात गट आहे तिथे हे सहज होण्यासारखं आहे. जिथे नाही तिथे रोपवाटिकेवरच भरवसा ठेवावा लागतो, आणि म्हणून रोपवाटिकेने ट्रेवर एक चिठ्ठी लावावी एवढं माझं मागणं आहे. वाणाचं नाव, हळवा की निमगरवा की गरवा, आणि बी टाकल्याची तारीख. तारीख यासाठी की चार-पाच आठवड्यांचं रोप लावायला योग्य. त्याहून जून, ट्रेमध्ये अडकून दांडा कडक झालेलं रोप योग्य हंगामात लावलं तरी लहान फूल धरतं.

सरकारी वाटपाबद्दलही लिहायला हवं. परसबागेसाठी भाजीपाल्याच्या बियांची पाकिटं गावोगाव वाटली जातात आणि ही फार चांगली गोष्ट आहे. कुपोषण कमी व्हावं, घरातल्या बाईच्या आणि पोरांच्या ताटात रोज भाजी यावी म्हणून ती वाटतात. पण आमच्या भागात आलेल्या एका पाकिटात भेंडी, गवार, दोडका यांच्यासोबत फुलकोबीच्या बियांची पुडी होती, नाव नसलेली, आणि ती हाती पडली तेव्हा नोव्हेंबर संपत आला होता. बी टाकून, रोप करून, लावून फूल यायचं म्हणजे फेब्रुवारी-मार्च. आमच्याकडे फेब्रुवारीच्या मध्यापासून दुपारचं ऊन डोक्यावर बसतं, आणि याच दिवसांत कधी कधी गारपीटही होते. ते बी कितीही चांगलं असलं तरी वाया जाणार. ज्या हंगामाचं बी त्या हंगामाच्या महिनाभर आधी द्यावं, आणि पुडीवर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत टाका’ असं मराठीत लिहावं. याला वेगळा खर्च येत नाही.

तारखा म्हणते त्या विदर्भाच्या हव्यात. पुणे-नाशिककडच्या तारखा आमच्या कामाच्या नाहीत. तिकडे मे महिन्यात जे निभतं ते इकडे नवतप्यात, मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, करपून जातं. आमच्या आर्वीकडच्या अनुभवावरून सांगते. हळव्या वाणाचं बी मृगात टाकायचं, रोप जुलैत लावायचं. पण त्या दिवसांत काळ्या जमिनीत पाणी तुंबतं आणि फुलकोबीची मुळं कुजतात, म्हणून हळवी जात मुरमाड, उताराच्या तुकड्यातच, सरी-वरंब्याच्या वरंब्यावर लावावी. नवख्या बाईने हळव्याच्या नादी लागूच नये. निमगरव्याचं बी जुलैच्या शेवटापासून ऑगस्टअखेरपर्यंत, आणि रोपं पोळ्याच्या सुमारास, म्हणजे ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. याची फुलं नोव्हेंबरच्या शेवटापासून हाती येतात आणि परसबागेसाठी आमच्याकडे हाच काळ सर्वांत भरवशाचा. गरव्याचं बी सप्टेंबरच्या शेवटी, रोप फार तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. त्यापुढे लावलं तर गड्डा उन्हात सापडतो. अठराही रोपं एका दिवशी न लावता अर्धी आज, अर्धी पंधरवड्याने लावली तर घरात एकदम ढीग होत नाही.

शाळेच्या परसबागेलाही हेच वेळापत्रक जुळतं. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात. ऑगस्टमध्ये पोरांच्या हाताने बी टाकलं तर नाताळच्या आधी त्यांच्याच खिचडीत फुलकोबी पडते. अडचण फक्त दिवाळीच्या सुट्टीची. त्याच दिवसांत रोपाची पानं वाढत असतात आणि पाण्याचा ताण पडला की पुन्हा तेच लहान फूल. आमच्या गावात खिचडी शिजवणाऱ्या ताई सुट्टीतही येऊन पाणी घालतात, त्याचे त्यांना वेगळे पैसे मिळत नाहीत. ज्या शाळेची परसबाग चांगली दिसते तिथे अशी एखादी बाई असतेच, तिची नोंद कोणीतरी घ्यावी. ताण कमी पडावा म्हणून आम्ही वाफ्यावर सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, पसरतो. सोयाबीन ऑक्टोबरातच निघतं, त्यामुळे कुटार नेमकं गरजेच्या वेळी ताजं मिळतं, आणि नळाला दिवसाआड पाणी असलं तरी माती ओलसर राहते. मात्र दांड्याला ते चिकटू द्यायचं नाही, बोटभर जागा सोडायची.

आता ज्या गोष्टीची मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती. सप्टेंबर-ऑक्टोबरात घरोघरी पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी चालू असते. पंपात तळाला थोडं औषध उरतं. ते टाकून द्यायला जीव होत नाही, महागाचं असतं. मग घरी आल्यावर ते सांदवाडीतल्या फुलकोबीवर, वांग्यावर मारलं जातं, कारण तिथेही अळी दिसते. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि अनेक घरांत पाहिलं आहे. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते साऱ्या महाराष्ट्राने वाचलं. कपाशीचं औषध कपाशीसाठी असतं. फुलकोबीचा गड्डा म्हणजे हजारो बारीक फटी, त्यात गेलेलं औषध वरून पाणी ओतून निघत नाही, आणि ती भाजी आपण चार दिवसांत पोरांना खाऊ घालतो. आपल्या पुरवणीत हे ठळक अक्षरांत छापावं अशी माझी हात जोडून विनंती आहे.

कारण त्या अळीला औषध लागतच नाही, निदान अठरा झाडांसाठी तरी नाही. ती ओळखायची कशी ते सांगते. सकाळी पान उलटं करून पाहावं. अळी फिकी हिरवी, नखाएवढीही नाही, दोन्ही टोकांना निमुळती. ती पानाचा हिरवा भाग खरवडून खाते आणि वरचा पातळ पापुद्रा तसाच ठेवते, म्हणून पान उन्हाकडे धरलं की जागोजागी पांढऱ्या खिडक्या दिसतात. बोट लावलं की ती वळवळत मागे सरते आणि धाग्याला लोंबकळून खाली उतरते. तिचा पतंग करडा असतो, पंख मिटून बसला की पाठीवर चौकोनी ठिपक्यांची रांग दिसते, म्हणून कृषी सहाय्यक त्याला चौकोनी ठिपक्यांचा पतंग म्हणतात. या पतंगाला मोहरी फुलकोबीपेक्षाही आवडते. रोपं लावायच्या पंधरा दिवस आधी वाफ्याच्या कडेने मोहरीची ओळ टाकली की तो अंडी घालायला आधी तिकडे जातो. मोहरीवर मावाही गोळा होतो. तिथला पाला खुडून दूर नेऊन पुरून टाकायचा. एवढं करूनही फुलकोबीवर अळी दिसली तर निंबोळी अर्क. जून-जुलैत धुऱ्यावरच्या निंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो, तेव्हाच वेचून, धुऊन, सावलीत वाळवून ठेवायच्या. पन्नास ग्रॅम भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, फडक्याने गाळायची, साबणाचा चुरा चिमूटभर घालायचा आणि उन्हं उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूला मारायचं. सकाळी मारलं तर उन्हाने त्याचा गुण जातो. फूल धरल्यावर मात्र रोज हाताने वेचणं उत्तम, गड्ड्यावर काहीच मारू नये.

आणखी एक आमच्या जमिनीची गोष्ट. आपल्याकडच्या बऱ्याच काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात. अशा मातीत बोरॉन हे अन्नद्रव्य असूनही झाडाला मिळत नाही. मग वरून चांगला दिसणारा गड्डा कापला की दांडा आतून पोकळ निघतो, त्यात तपकिरी डाग असतात, भाजी कडसर लागते. बाया समजतात की आतून कीड लागली, आणि पुन्हा फवारा मारतात. त्याऐवजी गड्डा धरायच्या आधी एका लिटरला दोन-अडीच ग्रॅम बोरॅक्स (यात बोरॉन असतं) विरघळवून पानांवर एकदा मारावं. माप चुकवू नये, जास्त झालं तर पानांच्या कडा जळतात. नुसत्या युरियाचा मारा केला तरी दांडा पोकळ होतो, हेही ध्यानात ठेवावं.

बाकी फार सोपं आहे. फूल मुठीएवढं झालं की शेजारचं एक रुंद पान मधल्या शिरेवर अर्धवट मोडून त्यावर पांघरायचं, म्हणजे उन्हाने ते पिवळं पडत नाही. सुतळीने बांधायची गरज नाही, आणि दोन दिवसांनी पान उचलून आत अळी किंवा ओल नाही ना हे पाहता येतं. गड्डा घट्ट असतानाच कापायचा. आणखी मोठा होईल म्हणून थांबलं तर तो फाकतो. कोवळी पानं फेकू नयेत. लोह आणि कॅल्शियम गड्ड्यापेक्षा पानांत जास्त असतं. बारीक चिरून, लसणाच्या फोडणीत, वर बेसन पेरून केलेली त्यांची भाजी आमच्याकडे भाकरीसोबत आधी संपते.

संपादक महोदय, आपला पेपर विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांत जातो. जूनच्या पहिल्या आठवड्यात एकदा फुलकोबीच्या वाणांची नावं आणि विदर्भाच्या तारखा एका चौकटीत छापल्या, तर ती चौकट गावोगावच्या भिंतींवर चिकटेल. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातल्या भाजीपाल्याच्या तज्ज्ञांकडून ती तपासून घ्यावी, म्हणजे माझ्यासारखीच्या अनुभवात काही कमी-जास्त असेल तर तेही नीट होईल. रोपवाटिकावाल्यांनाही आपल्या पेपरातून सांगावं. त्यांचा शब्द ऐकणारं गिऱ्हाईक वाढलं तर त्यात त्यांचंही भलंच आहे.

तोवर ज्या बहिणी या आठवड्याच्या बाजारातून रोपं घेणार आहेत त्यांनी विक्रेत्याला दोन प्रश्न विचारावेत. वाण कोणता, आणि बी कधी टाकलं होतं? दोन्हींची उत्तरं मिळाली तरच जुडी घ्यावी. नाही मिळाली तर त्या पैशांत मेथी आणि पालकाचं बी घेऊन यावं, ते या दिवसांत कोणत्याही वाफ्यात येतं.

आपली नम्र,
बचत गटाची एक सदस्य
ता. आर्वी, जि. वर्धा